औषधाच्या जोडीला दुधातलं प्रथिन

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिनची गोळी देताना जाणता औषधविक्रेता बजावून सांगतो, दुधाबरोबर घेऊ नका. त्याचं सांगणं बरोबर आहे. दुधातलं कॅल्शियम या औषधांना आतड्यातच धरून ठेवतं आणि रक्तात पोचायचं ते कमी पोचतं. लोहाच्या गोळीचीही तीच गत. म्हणजे दूध आणि औषध यांचं जे नातं आपल्या परिचयाचं आहे, ते अडथळ्याचं. त्याच दुधात फार थोड्या प्रमाणात असणारी एकदोन प्रथिनं मात्र वेगळी काढून औषधाच्या सोबत दिली, तर औषधाचा परिणाम वाढतो, असं तीन दशकांहून अधिक काळ प्रयोगशाळा सांगत आल्या आहेत. या प्रथिनांवर शेकडो शोधनिबंध निघाले, कंपन्या उभ्या राहिल्या आणि बुडाल्या, हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर चाचण्या झाल्या. त्यातून हाती काय लागलं, हे एकदा नीट मांडण्याची गरज आहे, कारण त्यांतल्याच लॅक्टोफेरिन या प्रथिनाच्या पुड्या आणि गोळ्या आता आपल्याही औषधांच्या दुकानांत दिसतात.

औषधाला सोबती देण्याची कल्पना नवी नाही. पेनिसिलिनच्या वंशातली औषधं फोडून टाकणारं विकर जीवाणूंनी तयार केलं, तेव्हा त्या विकराला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अमॉक्सिसिलिनच्या जोडीला आलं. १९८१ मध्ये ही जोडगोळी ब्रिटनच्या बाजारात उतरली आणि आज ती आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत लिहून दिली जाते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः फारसे जंतू मारत नाही, ते फक्त जुन्या औषधाचा मार्ग मोकळा करतं. नवी अँटिबायोटिकं फार सावकाश निघत आहेत आणि २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. अशा वेळी जुन्या औषधांना पुन्हा कामाला लावू शकणारा प्रत्येक सोबती मोलाचा ठरतो. दुधातल्या प्रथिनांकडे त्याच आशेने पाहिलं जातं.

या प्रथिनांमध्ये सर्वाधिक अभ्यास झाला तो लॅक्टोफेरिनचा. गायीच्या दुधात एक लालसर प्रथिन असल्याची नोंद १९३९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेनसन यांनी केली. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला १९६० साल उजाडलं, आणि त्या एकाच वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या तीन प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे साधलं. लाली येते ती लोहामुळे. लॅक्टोफेरिनच्या रेणूचे दोन भाग असतात आणि मूठ मिटावी तसा प्रत्येक भाग लोहाच्या एकेका अणूवर मिटतो. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात एडवर्ड बेकर यांच्या गटाने १९८७ मध्ये त्याची स्फटिकरचना दाखवली, तेव्हा ही पकड प्रत्यक्ष दिसली. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन आम्ल वाढलं की लोह सोडून देतं, लॅक्टोफेरिन मात्र कितीतरी अधिक आम्लातही ते सोडत नाही. सुजेच्या जागी आम्लता वाढलेली असते आणि जंतूंना लोहाची भूक असते. नेमक्या त्याच जागी ही घट्ट पकड कामी येते. म्हणूनच हे प्रथिन फक्त दुधात सापडत नाही. अश्रूंत, लाळेत, नाकातल्या स्रावात आणि जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पोटातही ते साठवलेलं असतं.

मातेच्या पहिल्या दिवसांतल्या दुधात, म्हणजे चिकात, लॅक्टोफेरिन लिटरमागे पाच ग्रॅमच्या पुढे असतं, नंतरच्या दुधात एक ते दोन ग्रॅम. गायीच्या नेहमीच्या दुधात मात्र ते ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. ही तफावत पुढे वारंवार आडवी येते.

जंतूला लोह मिळू न देणं हे लॅक्टोफेरिनचं पहिलं काम. आईच्या दुधातली लोह धरणारी प्रथिनं ई. कोलाय जीवाणूला कशी रोखतात, हे ब्रिटिश संशोधक बुलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं. पण उपासमारीने जंतू खोळंबतो, मरतोच असं नाही. १९७७ मध्ये अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की लॅक्टोफेरिन काही जंतूंना थेट मारतंही. औषधाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा टप्पा मात्र १९८८ चा. अमेरिकेतल्या एलिसन यांच्या गटाला दिसलं की ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाहेरच्या पटलाला लॅक्टोफेरिन चिकटतं आणि त्या पटलातला मेदयुक्त भाग सुटा करतं. हे बाहेरचं पटल रिफॅम्पिसिनसारख्या औषधाला आत येऊ देत नाही. क्षयरोग्यांना ठाऊक असलेलं हे औषध पोटातल्या जीवाणूंवर एरवी दुबळं पडतं ते त्याचमुळे. लॅक्टोफेरिन सोबत असताना एरवी अपुऱ्या ठरणाऱ्या मात्रेतही रिफॅम्पिसिनचा परिणाम वाढला. प्रथिनाने पटल ढिलं केलं आणि औषध आत शिरलं. पुढच्या सगळ्या आशेचा पाया हा प्रयोग आहे.

त्यावर भर पडत गेली. जपानच्या मोरिनागा दूध कंपनीतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की जठरातल्या पेप्सिनने लॅक्टोफेरिनचे तुकडे केले, तर त्यातला २५ अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा मूळ प्रथिनापेक्षाही प्रभावी जंतुनाशक ठरतो. त्याला लॅक्टोफेरिसिन म्हणतात. म्हणजे पचनाने हे प्रथिन पूर्ण वाया जात नाही, निदान जठरात तरी. २००२ मध्ये प्रदीप सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये आणखी एक बाजू मांडली. स्यूडोमोनास जीवाणू पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात, आणि त्या थरात शिरणं अँटिबायोटिकला अवघड जातं. लॅक्टोफेरिनने लोह काढून घेतलं की हे जीवाणू एका जागी स्थिरावतच नाहीत, सरपटत राहतात, आणि थर धरत नाही. कॅन्डिडासारख्या बुरशीवर फ्ल्युकोनॅझोलच्या गटातल्या औषधांचा, तर मेंदूज्वर घडवणाऱ्या क्रिप्टोकॉकसवर अँफोटेरिसिनचा परिणाम लॅक्टोफेरिनच्या साथीने वाढल्याचं जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांनी नोंदवलं आहे.

जीवाणूही काही गप्प बसलेले नाहीत. मेंदूज्वराचा आणि परम्याचा जीवाणू माणसाच्या लॅक्टोफेरिनला पकडून त्यातलंच लोह ओढून घेतात, त्यासाठीचे खास ग्राहक त्यांच्या अंगावर असतात. न्यूमोकॉकसही आपल्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाने लॅक्टोफेरिनला निष्प्रभ करतो. वानरकुळातल्या प्राण्यांचं लॅक्टोफेरिन उत्क्रांतीत किती झपाट्याने बदलत गेलं, याचा अभ्यास याच झटापटीची साक्ष देतो. दुधातलं आहे म्हणून त्याला जंतू सरावणार नाहीत, हा समज टाकून दिलेला बरा.

दुसरं प्रथिन अगदी अनपेक्षितपणे पुढे आलं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात कॅथरिना स्वानबोर्ग यांचा गट १९९०च्या दशकात पाहत होता तो साधा प्रश्न: आईचं दूध न्यूमोकॉकसला पेशींना चिकटण्यापासून रोखतं का? पेशी वापरल्या होत्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, कारण त्या प्रयोगशाळेत वाढवायला सोप्या. दुधाचा एक अंश टाकला आणि त्या पेशीच मरू लागल्या. शोध घेतला तर कारण निघालं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. आईच्या दुधात भरपूर असणारं आणि दुधातली साखर बनवायला मदत करणारं हे प्रथिन. त्यातलं कॅल्शियम निघून गेलं, घडी थोडी उलगडली आणि ओलेइक आम्ल त्याला जोडलं गेलं, की त्याचा स्वभाव बदलतो. या संयुगाला 'हॅम्लेट' हे नाव मिळालं. त्वचेवरच्या चामखिळींवरची त्याची चाचणी २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आली: हॅम्लेट लावलेल्या वीसच्या वीस रुग्णांत चामखिळी पाऊण हिश्शाने किंवा अधिक आक्रसल्या, आणि दुसऱ्या गटातल्या वीसपैकी फक्त तिघांत. पुढे मूत्राशयाच्या कर्करोगावरही त्याची छोटी चाचणी झाली.

आपल्या प्रश्नाशी थेट संबंध येतो तो स्वानबोर्ग यांचे विद्यार्थी अँडर्स हॉकन्सन यांच्या अमेरिकेतल्या कामाशी. बफेलोत त्यांनी २०१२ आणि २०१३ मध्ये दाखवलं, की हॅम्लेटची थोडी मात्रा सोबत असेल तर न्यूमोकॉकसवर पेनिसिलिन, एरिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांचा परिणाम वाढतो, आणि प्रतिकारक जातीही पुन्हा औषधाला वश होतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बाबतीत तर हॅम्लेट एकटं त्याला मारतच नाही. तरीही ते सोबत असताना मेथिसिलिनला न जुमानणारी जात मेथिसिलिनपुढे नमते. उंदरांच्या नाकात वस्ती केलेल्या जंतूंवरही हे दिसलं. पटलातून आयनांची ये-जा बिघडते, जीवाणूचा विद्युतभार ढासळतो, आणि औषध बाहेर फेकण्याची त्याची ताकद कमी होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०१९ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या गटाने क्षयाच्या जीवाणूवर हेच तपासलं आणि काही औषधांचा परिणाम वाढल्याचं सांगितलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा ही बातमी आपल्यासाठी दूरची नाही. पण ती अजून काचेच्या भांड्यातली आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय हॅम्लेटचा प्रभाव प्रथिनाचा किती आणि त्याला चिकटलेल्या ओलेइक आम्लाचा किती, हा वाद अभ्यासकांमध्ये आहेच.

प्रयोगशाळेत इतकं दिसतं, मग रुग्णाला काय मिळालं? इथे चित्र विस्कटतं, आणि खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीपासून सुरुवात करू. अल्सरला कारणीभूत असलेल्या या जीवाणूवर आम्ल कमी करणारं एक औषध आणि दोन अँटिबायोटिकं असा उपचार देतात, पण प्रतिकार वाढल्याने तो पूर्वीइतका लागू पडत नाही. इटलीत डी मारिओ यांच्या गटाने २००३ मध्ये या तिहेरी उपचाराला गायीच्या लॅक्टोफेरिनची जोड दिली आणि जंतू नाहीसा होण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास होतं ते नव्वदच्या आसपास गेलं. दोनच वर्षांनी इटलीतल्याच दुसऱ्या बहुकेंद्री चाचणीत फायदा दिसला नाही. २००९ मध्ये चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा कौल लॅक्टोफेरिनच्या बाजूने झुकला, पण त्या चाचण्या लहान होत्या आणि काहींमध्ये कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. आशादायक पण अर्धवट राहिलेलं काम, असंच याला म्हणावं लागेल.

बाळांची गोष्ट अधिक मोठी आणि अधिक क्लेशकारक. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर काही दिवसांनी रक्तात होणारा जंतुसंसर्ग हे नवजात विभागातलं मोठं संकट. २००९ मध्ये पाओलो मान्झोनी यांच्या नेतृत्वाखाली इटली आणि न्यूझीलंडमधल्या ४७२ बाळांवर चाचणी झाली. रोज १०० मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन दिलेल्या बाळांत हा संसर्ग ५.९ टक्क्यांना झाला, न दिलेल्यांत १७.३ टक्क्यांना. ज्यांना लॅक्टोफेरिनबरोबर उपयुक्त जीवाणूही दिले, त्यांच्यात ४.६ टक्क्यांना. नवजात बालकांच्या क्षेत्रात एवढी मोठी घट क्वचितच दिसते. रोहतकला १३० बाळांवर झालेल्या २०१५ च्या चाचणीतही फायदा दिसला. जगभर आशा पसरली.

मग ब्रिटनमध्ये ३७ रुग्णालयांत २२०३ बाळांवर 'एल्फिन' ही चाचणी झाली. निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: लॅक्टोफेरिन मिळालेल्यांत २९ टक्के, न मिळालेल्यांत ३१ टक्के. फरक जवळपास नाहीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या १५४२ बाळांवरच्या चाचणीचा आणि पेरू देशातल्या ४१४ बाळांवरच्या चाचणीचा कल २०२० मध्ये तसाच निघाला. त्याच वर्षी बारा चाचण्यांतल्या पाच हजारांवर बाळांचे आकडे एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने संसर्ग थोडा कमी होत असावा असं म्हटलं, पण या निष्कर्षाची खात्री कमी आहे असा शेराही मारला. मोठ्या आणि काटेकोर चाचण्या एका बाजूला, लहान चाचण्या दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी दिसली की माझा कौल मोठ्यांकडे जातो.

या निकालाचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. साधा हिशेब करा. लिटरमागे पाच ग्रॅम या दराने आईच्या वीस मिलिलिटर चिकात १०० मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन असतं, म्हणजे मान्झोनींच्या चाचणीतला अख्ख्या दिवसाचा डोस. आणि तो बाळाच्याच जातीच्या प्राण्याचा, न तापवलेला, बाकीच्या सगळ्या संरक्षक घटकांसकट. गायीच्या आणि माणसाच्या लॅक्टोफेरिनची अमिनो आम्लांची रांग सुमारे ७० टक्केच जुळते. ज्या बाळाच्या पोटात आईचं दूध चांगलं जात आहे, त्याला वरून गायीची पूड देऊन फार काही साधेल अशी अपेक्षा ठेवणंच कदाचित चुकीचं होतं.

आपल्याकडे हा मुद्दा अधिकच जिव्हाळ्याचा आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएलासारखे, अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे जीवाणू मोठ्या प्रमाणात सापडले. अशा बाळासाठी अँटिबायोटिकचे पर्याय झपाट्याने संपतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांना आईचं दूध मिळावं म्हणून. पेढीतलं दूध सुरक्षित करण्यासाठी ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवावं लागतं आणि त्यात लॅक्टोफेरिनचा बराच भाग नष्ट होतो. म्हणून पेढीचं दूध वरच्या दुधापेक्षा कितीही सरस असलं, तरी स्वतःच्या आईचं ताजं दूध त्याहून वर. पहिला चीक पिळून टाकून द्यायची चाल अजूनही काही घरांत आहे. ती मोडण्याने जितकी बाळं वाचतील, तितकी कुठल्याही आयात पुडीने वाचणार नाहीत.

कर्करोगाच्या प्रकरणात तर मुंबईचे डॉक्टरच अग्रभागी होते. अमेरिकेतल्या एजेनिक्स कंपनीने ॲस्परजिलस बुरशीत मानवी लॅक्टोफेरिन तयार केलं आणि त्याला टॅलॅक्टोफेरिन हे नाव दिलं. फुप्फुसाच्या कर्करोगावर त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या दोन चाचण्या भारतात झाल्या, निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्विश परीख, सुरेश अडवाणी यांच्यासारखे कर्करोगतज्ज्ञ त्यांत होते. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या नेहमीच्या केमोथेरपीला जोड दिली तेव्हा ११० रुग्णांच्या चाचणीत गाठ आक्रसण्याचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ४७ वर गेलं. केमोथेरपी हरल्यावर नुसतं टॅलॅक्टोफेरिन दिलेल्या दुसऱ्या चाचणीत निम्मे रुग्ण जगण्याचा काळ ३.७ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेला. तिसऱ्या टप्प्यात ७४२ रुग्ण घेतले आणि २०१२ मध्ये निकाल आला: टॅलॅक्टोफेरिन घेणारे साधारण साडेसात महिने जगले, न घेणारेही तितकेच. केमोथेरपीच्या जोडीने द्यायची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी तर पूर्णत्वालाच गेली नाही. त्याच वर्षी रक्तात विष पसरलेल्या अत्यवस्थ रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. त्याआधीच्या १९० रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं होतं, हे लक्षात घेतलं की लहान चाचणीच्या चांगल्या आकड्यावर किती विसंबावं ते कळतं. दुधातून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही तिथेच संपते. कोविडच्या काळात लॅक्टोफेरिनची चर्चा पुन्हा जोरात झाली. इटलीत दाखल रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा फरक आढळला नाही.

रक्तक्षय हे एकच क्षेत्र असं, जिथे लॅक्टोफेरिन प्रत्यक्ष वापरात बऱ्यापैकी रुळलं. रोममध्ये पिएरा व्हॅलेंटी आणि रोझाल्बा पाएसानो यांच्या गटाने गरोदर स्त्रियांना दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन दिलं आणि फेरस सल्फेटच्या तुलनेत हिमोग्लोबिन चांगलं वाढल्याचं, पोटाचा त्रास कमी झाल्याचं सांगितलं. दोनशे मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन पूर्ण भरलं तरी मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही लोह धरू शकत नाही, तेव्हा परिणाम त्यातल्या लोहाचा असणं शक्य नाही. सूज वाढली की शरीर हेप्सिडिन हे संप्रेरक सोडून लोह पेशींत कोंडून ठेवतं. लॅक्टोफेरिन ही सूज उतरवून कोंडलेलं लोह सोडवतं, असं या गटाचं म्हणणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, त्यामुळे लोहाच्या गोळीने मळमळ होते म्हणून ती फेकून देणाऱ्या बाईचा प्रश्न खराच आहे. पण शासन ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी मोफत देतं आणि ती स्वस्त आहे. लॅक्टोफेरिन महाग. गोळी खरोखर सोसत नाही अशांसाठी तो पर्याय असू शकतो, सगळ्यांसाठी नाही.

हे सगळे निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट मला ठळक दिसते. प्रथिन, औषध आणि जंतू हे तिघं एकाच जागी, थेट भेटतात तिथे फायदा दिसतो: जठराच्या भिंतीवर, उंदराच्या नाकात, परीक्षानळीत. प्रथिन गिळायचं आणि त्याने रक्तात, फुप्फुसात, दूरच्या गाठीत काम करावं अशी अपेक्षा ठेवायची, तिथे मोठ्या चाचण्या हरल्या. यात आश्चर्य नाही. ऐंशी हजार डाल्टन वजनाचा रेणू जठर ओलांडून अखंड रक्तात पोचणं अवघड, आणि एलिसन यांच्या प्रयोगातलं काम तर त्याने जीवाणूला प्रत्यक्ष चिकटूनच केलं होतं. इतक्या वर्षांचं संशोधन चुकीच्या वाटेने गेलं, असं मी म्हणणार नाही. मात्र प्रयोगशाळेने दाखवलेली क्रिया एक आणि दवाखान्यात तपासलेली भलतीच, असं अनेकदा झालं.

घरगुती उपायाची आशाही इथेच सोडलेली बरी. अँटिबायोटिकबरोबर पेलाभर दूध पिऊन यातलं काहीही मिळत नाही. आपण दूध उकळतो, आणि उकळल्यावर लॅक्टोफेरिनची घडी मोडते. खरवसाच्या चिकात ते भरपूर असतं, पण वाफेवर खरवस शिजवला की त्याचंही तेच होतं. औद्योगिक उत्पादनात न तापवलेल्या किंवा हलकं तापवलेल्या दुधातून, निवळीतून, ऋणभारित राळेवर हे धनभारित प्रथिन धरून मग सोडवतात. लिटरमागे ०.१ ग्रॅम धरलं तर एक किलो लॅक्टोफेरिनसाठी दहा हजार लिटर दूध लागतं. किंमत त्यातून येते. ही अडचण दूर करण्यासाठीच नेदरलँड्समध्ये १९९० मध्ये मानवी लॅक्टोफेरिनचं जनुक घातलेला हर्मन नावाचा बैल जन्माला घातला होता. पुढे भातात आणि बुरशीत तेच करून पाहिलं गेलं.

थेट भेटीची सर्वांत सोयीची जागा मला दिसते ती गायीची कास. कासदाह, गोठ्यातल्या भाषेत दगडी, हा दुभत्या जनावरांचा सगळ्यात खर्चिक आजार. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेत ठाण मांडतो, पेनिसिलिन फोडणारं विकर सोडतो, आणि सडातून सोडलेली औषधाची नळी वाया जाते. दूध तेवढे दिवस ओतून द्यावं लागतं, न दिलं तर औषधाचा अंश आपल्या पेल्यात येतो. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात लाकास, दिआरा आणि पेतिक्लेर यांच्या गटाने २००० च्या दशकात पेनिसिलिनबरोबर गायीचंच लॅक्टोफेरिन सडातून दिलं. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूच्या कासदाहात नुसत्या पेनिसिलिनपेक्षा या जोडीने अधिक कासा बऱ्या झाल्या. लॅक्टोफेरिनने त्या विकराचं उत्पादनच दबवलं, असं त्यांना आढळलं. गाय आटते तेव्हा तिच्या कासेत लॅक्टोफेरिन आपोआप कित्येक पटींनी वाढतं, म्हणजे शरीराचा स्वतःचा उपायही हाच आहे. सगळ्याच गायी बऱ्या झाल्या नाहीत, आणि जुनाट कासदाहात यश मर्यादितच राहिलं. तरीही इथे जंतू, औषध आणि प्रथिन एकत्र आहेत, मात्रा हातात आहे, निकाल काही आठवड्यांत दुधाच्या नमुन्यावर कळतो आणि माणसाच्या जिवाची जोखीम नाही.

कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यात सहकारी संघांकडे रोज लाखो लिटर दूध येतं. नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालयं राज्यभर आहेत. पशुवैद्यक, दूधसंघ आणि गोठे यांनी मिळून पेनिसिलिन एकटं आणि पेनिसिलिन अधिक लॅक्टोफेरिन अशी साधी, आंधळी, पुरेशा संख्येची चाचणी करावी, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो छापावा. तोवर वाचकांनी लॅक्टोफेरिनची पुडी कोणी लिहून दिली तर ती नेमकी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारावं, लिहिलेला अँटिबायोटिकचा कोर्स तिच्या भरवशावर अर्धवट सोडू नये, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी.